यूकेत प्रायव्हेट हायरचा बॅज मिळायला नक्की किती वेळ लागतो?

मिडलँड्सकर
नमस्कार मंडळी, इथे कोणी प्रायव्हेट हायर (आधी बुक करायच्या टॅक्सीच्या) ड्रायव्हरचं लायसन्स, म्हणजे बॅज, काढलंय का? आमच्या कौन्सिलकडे अर्ज टाकून बरेच महिने झाले, मेडिकल झालं, नॉलेज टेस्ट पास, सेफगार्डिंगचं (लहान मुलं आणि असहाय प्रवाशांच्या सुरक्षेचं) ट्रेनिंग झालं, डीबीएसचे (पोलीस रेकॉर्डच्या सरकारी तपासणीचे) पैसे भरले, आणि आता मेल केला की तेच छापील उत्तर येतं की अर्ज प्रोसेसमध्ये आहे, वारंवार विचारू नका. वेबसाइटवर जे आठवडे लिहिलेत ते केव्हाच उलटले. वेअरहाउसची नाइट सोडायचीय पण नोटीस कधी देऊ तेच कळेना, घरी रोज तोच विषय. एक ओळखीचा म्हणतो गाडी आत्ताच रेंटवर घेऊन ठेव, ऐनवेळी मिळत नाहीत. दुसरा म्हणतो हे सोड आणि वुल्व्हरहॅम्प्टन कौन्सिलला अर्ज टाक, तिकडे फटाफट होतं. काय करू?

जुना_बॅजवाला
भाऊ, किती वेळ लागतो हा प्रश्नच सोड, अर्ज कुठे अडकलाय ते आधी शोध. बहुतेक ठिकाणी वेबसाइटवरचे ते आठवडे सगळे कागद पूर्ण झाल्यापासून मोजतात, तू फी भरलीस त्या दिवसापासून नाही. आणि दहातल्या नऊ जणांचं घोडं डीबीएसपाशी अडतं.

डीबीएसची साइट उघड, फॉर्मचा रेफरन्स नंबर आणि जन्मतारीख टाकली की ट्रॅकिंग दिसतं. पाच स्टेज असतात. पहिले तीन पटकन जातात, चौथी स्टेज म्हणजे लोकल पोलिसांकडची तपासणी, तिथे गाडी थांबते. फॉर्ममध्ये मागच्या 5 वर्षांचे सगळे पत्ते द्यावे लागतात ना, त्या प्रत्येक भागातल्या पोलिसांकडे ते जाऊ शकतं. एका घरात पाच वर्षं राहिलेल्याचं लवकर होतं, आणि आपल्यासारखा कोणी आधी स्लाव, मग लेस्टर, मग कोव्हेंट्री असा रूम बदलत फिरला असेल तर एखादं पोलीस दल ढिलं निघालं की सगळंच लटकलं. यात तुझ्या कौन्सिलच्या हातात काही नसतं, त्यांच्यावर चिडून उपयोग नाही.

अजून एक, 2013 पासून सर्टिफिकेट फक्त अर्जदाराच्या घरी पोस्टाने येतं, कौन्सिलला त्याची कॉपी जात नाही. ते आलं की लगेच दाखव, नाहीतर ते तुझी वाट बघत बसतात आणि तू त्यांची.

लंडनची_स्वारी
लंडनला पण रडगाणं हेच, फक्त पायऱ्या वेगळ्या. इथे कौन्सिल नाही, टीएफएल (लंडनची वाहतूक संस्था) लायसन्स देतं (जुने लोक अजून जुन्या खात्याच्या नावाने पीसीओच म्हणतात). नवीन माणसाला इंग्लिशचा पुरावा, टोपोग्राफिकल (नकाशा वाचायची) टेस्ट, वर सेरू नावाची परीक्षा, ती 2021 पासून आली. सेरूला लोक सहज घेतात आणि आपटतात, कारण त्यात गाडी चालवणं नाही विचारत, नियमांचं पुस्तक विचारतात आणि वाक्यं पूर्ण करायला लावतात. त्यात सप्टेंबर 2024 मध्ये टीएफएलवर सायबर हल्ला झाला तेव्हा लायसन्सची कामं अशी तुंबली की विचारू नका. त्यामुळे ज्यांचं रिन्युअल आहे त्यांनी शेवटच्या महिन्याची वाट बघू नये, बॅज 3 वर्षांचा असतो, तारीख आधीच माहीत असते की.

कागदपत्रवाली_ताई
मी एका ऑपरेटरच्या (टॅक्सीची बुकिंग घेणाऱ्या कंपनीच्या) ऑफिसात ड्रायव्हरांची कागदपत्रं बघते म्हणून सांगते, डीबीएसच्या खालोखाल अर्ज लटकतात ते कोडमुळे. डीव्हीएलएचा (ड्रायव्हिंग लायसन्सच्या सरकारी खात्याचा) चेक कोड 21 दिवसच चालतो आणि एकदाच वापरता येतो. राइट टू वर्कचा (इथे काम करायच्या परवानगीचा) शेअर कोड वेगळा, तो 90 दिवस चालतो. म्हणजे तुम्ही पहिल्या दिवशी दोन्ही पाठवले आणि ऑफिसरने फाइल चार महिन्यांनी उघडली तर दोन्ही मेलेले असतात, मग तो नवीन मागणारा मेल टाकतो, तो मेल जंकमध्ये जातो, आणि फाइल परत ढिगाच्या तळाला. जंक फोल्डर रोज बघा!

मेल लिहिताना "काय झालं" असं मोघम लिहू नका. अर्जाचा नंबर विषयातच टाका आणि सरळ विचारा की माझ्याकडून कुठला कागद बाकी आहे का, नेमका कुठला. त्याला छापील उत्तर देणं जरा अवघड जातं.

आणि गेल्या काही वर्षांत तीन महिने किंवा जास्त सलग भारतात राहिला असाल तर तिकडचं पोलीस क्लिअरन्स सर्टिफिकेट मागतात. ते इथून हाय कमिशनमार्फत करायचं, पण पासपोर्टच्या पत्त्यावर गावाकडे पोलीस चौकशीला जाऊ शकतात, तेव्हा घरच्यांना आधी कळवून ठेवा, नाहीतर तो हवालदार कुलूप बघून परत जायचा.

फटाफट_भाऊ
मी तर म्हणतो वुल्व्हरहॅम्प्टनलाच टाक, अख्ख्या इंग्लंडचे ड्रायव्हर तिकडचे बॅज घेऊन फिरतात, काय बिघडतं.

जुना_बॅजवाला
@फटाफट_भाऊ बिघडत काही नाही, कायद्याने चालतंच. पण पूर्ण सांग ना त्याला. ड्रायव्हरचं लायसन्स, गाडीची प्लेट (गाडीचं टॅक्सी लायसन्स) आणि ऑपरेटर, तिन्ही एकाच कौन्सिलचे लागतात. म्हणजे गाडी पण तिकडचीच बघायची. इथली भरलेली फी बहुतेक बुडाली, टेस्ट आणि ट्रेनिंग परत. आणि डीबीएस पोलिसांकडेच अडकलं असेल तर कुठल्याही कौन्सिलला गेलास तरी पोलीस तेच. नवीन फॉर्मवर आधी कुठे अर्ज केला ते विचारतात, लपवू नकोस, नाकारलेल्या आणि रद्द झालेल्या लायसन्सची नोंद देशभराच्या डेटाबेसमध्ये असते.

मिडलँड्सकर
धन्यवाद सगळ्यांना! ट्रॅकिंग बघितलं, चौथ्या स्टेजलाच आहे, मी बर्मिंगहॅमला आणि रेडिंगला राहिलोय आधी, म्हणजे तेच असणार. हे लवकर पुढे सरकवायला काही करता येतं का? आणि गाडीचं काय?

कागदपत्रवाली_ताई
फार लांबलं तर डीबीएसला फोन करून एस्कलेट करायला सांगा, ते पोलिसांना स्मरणपत्र पाठवतात. चमत्कार नाही होत पण नोंद होते. डीबीएस येऊनही कौन्सिल ढिम्म असेल तर लेखी कम्प्लेंट, आणि तिथेही काही झालं नाही तर ओम्बड्समन (कौन्सिलविरुद्धच्या तक्रारी बघणारा स्वतंत्र अधिकारी), तोवर तुमच्या वॉर्डच्या कौन्सिलरला एक मेल टाकून बघा, फुकट आहे.

गाडी अजिबात घेऊ नका. रेंट आठवड्याला चालू होतो, आणि बॅजशिवाय कुठलंच ॲप अकाउंट चालू करत नाही. कोणी म्हणालं तोवर ओळखीच्यांच्या ट्रिपा मार, तर तो गुन्हा आहे आणि इन्शुरन्सही धरत नाही. वेअरहाउसची नोटीस बॅज हातात पडल्यावरच द्या. सर्टिफिकेट आलं की त्यावरच्या तारखेपासून 30 दिवसांच्या आत डीबीएसच्या अपडेट सर्व्हिसला नोंद करा, वर्षाला 16 पौंड. कौन्सिल दर सहा महिन्यांनी चेक करतं, ते त्यातूनच होतं. ती 30 दिवसांची मुदत गेली तर परत नवीन डीबीएस, परत चौथी स्टेज.

मिडलँड्सकर
बरं, फोन करतो उद्या. रेंटवाल्याला पण नाही म्हणून कळवतो, तो डिपॉझिट मागत होता.