ऐन सुट्टीत विमान कर्मचाऱ्यांचा संप: हक्क म्हणायचा की अडवणूक?

राजारामपुरी_चौथी_गल्ली
दोन वर्षं झाली तरी घरातला राग गेलेला नाही, म्हणून धागा काढतोय. वडिलांचं सहस्रचंद्रदर्शन होतं. पुतण्या युरोपात शिकतो, त्याला नाताळची सुट्टी असते म्हणून तारीखच २६ डिसेंबर धरली. ८१ निरांजनं मांडलेली. आईनं त्याच्यासाठी डिंकाचे लाडू वेगळ्या डब्यात काढून वर नावाची चिठ्ठी चिकटवलेली. आणि २३ तारखेला तिकडच्या एका विमान कंपनीच्या (नाव लिहीत नाही) केबिन क्रूनं संप केला. पोरगा विमानतळाच्या बाकावर आणि इकडं आम्ही फोन पाटावर उभा करून त्याला ओवाळणं दाखवतोय. वडिलांनी हात जोडले आणि नेमकं तेव्हाच नेट अडकलं.

पगारासाठी भांडा, ना नाही. पण अख्खं वर्ष सोडून नेमके तेच चार दिवस? २००९ ला ब्रिटिश एअरवेजच्या क्रूनं २२ डिसेंबरपासून बारा दिवसांचा संप पुकारला होता, दहा लाखांच्या आसपास प्रवाशांचा जीव टांगणीला. याला मी अडवणूकच म्हणतो. तुमचं काय?

गंगावेस_कट्टा
शंभर टक्के बरोबर भावा. चहा-सँडविच वाटायचं काम आणि रुबाब केवढा! १९८१ ला अमेरिकेत रेगननं विमानांची ये-जा सांभाळणाऱ्या, संपावरच्या ११ हजारांवर कंट्रोलरना घरी बसवलं. तसला दणका पाहिजे.

कोर्टकचेरी
ते कंट्रोलर सरकारी नोकर होते आणि त्यांना संपाची कायद्यानंच बंदी होती. केबिन क्रूशी त्याचा संबंध नाही. आपल्याकडं दणक्याचं काय झालं तेही बघा. मे २०२४ ला एअर इंडिया एक्स्प्रेसच्या क्रूनं एकदम आजारपणाच्या रजा टाकल्या, कंपनीनं २५ जणांना काढलं, आणि कामगार आयुक्तांसमोर बैठक झाल्यावर लगेच परत घेतलं.

आणि धागाकर्त्यानं २००९ चं अर्धंच सांगितलंय. तो नाताळचा संप झालाच नाही. १७ डिसेंबरला लंडनच्या हायकोर्टानं अडवला, कारण मतदानात नोकरी सोडून चाललेल्यांनाही धरलं होतं. पुढं मार्च २०१० ला संप झाला आणि भांडण मिटायला २०११ उजाडलं. नाताळ तेवढा वाचला.

गंगावेस_कट्टा
भांडण होतं कशाचं?

कोर्टकचेरी
मुख्य मुद्दा, लांब पल्ल्याच्या विमानात क्रू पंधरावरून चौदावर आणायचा.

गंगावेस_कट्टा
एका माणसासाठी बारा दिवस! बास की ओ.

बावड्याची_आई
माझी मुलगी क्रू आहे. आपल्याच देशातल्या कंपनीत, आणि तिनं संपबिंप काही केलेला नाही. तरी लिहिते, कारण ते "चहा-सँडविच" वाचून डोकं फिरलं.

गेल्या दिवाळीत ती ना पहिल्या आंघोळीला घरी होती, ना भाऊबीजेला. रात्री हॉटेलच्या खिडकीतून चंद्राला ओवाळलं म्हणून फोटो पाठवला. दिवा कुठला? मोबाइलचा टॉर्च. सुट्टी मिळून घरी आली की आधी परातीत गरम पाणी, त्यात मीठ, पाय बुडवून बसते आणि बसल्या बसल्या झोपते. अंबाड्याच्या पिना मी काढते.

पगाराचं सांगायचं तर ठरलेल्या रकमेवर उड्डाणाच्या तासांचा भत्ता. धुक्यात विमान चार तास जमिनीवर उभं राहिलं, तर शिव्या चार तास खायच्या आणि भत्त्याच्या हिशोबात मात्र ते चार तास नाहीत. एअर कॅनडाच्या दहा हजार जणांनी ऑगस्ट २०२५ ला संप केला तो ह्याच दुखण्यावर. तिकडंही ऐन उन्हाळी सुट्टी. बारा तासांच्या आत सरकारनं कामावर जायचं फर्मान काढलं, त्यांनी ऐकलं नाही. चौथ्या दिवशी तडजोड झाली आणि विमान उडायच्या आधीच्या कामाचेही पैसे कंपनीनं कबूल केले.

आणि त्या एका माणसाचं. २ जानेवारी २०२४ ला टोकियोच्या हानेदा विमानतळावर जपान एअरलाइन्सचं विमान उतरताना पेटलं. आत ३७९ माणसं. आतली घोषणेची यंत्रणा बंद पडलेली, क्रूनं मेगाफोनवर ओरडून लोकांना बाहेर काढलं. सगळी जिवंत. तेव्हा कोण म्हणालं नाही की एक कमी असती तरी चाललं असतं.

गंगावेस_कट्टा
सँडविचचं मागं घेतो ताई. तारखेचं घेत नाही.

शिरोळचा_ऊसवाला
तारखेचंच बोलूया मग. आमचं ऊसदराचं आंदोलन कधी पेटतं? गाळपाच्या तोंडाला. जयसिंगपूरला ऊस परिषद झाली की वारं फिरतंय. मे महिन्यात चिमणी थंड असताना मी म्हटलं, "ऊस तोडू देणार न्हाई," तर चेअरमन चहा तरी पाजंल का? नोव्हेंबर २०२३ ला शिरोलीच्या पुलावर हायवे रोखला तेव्हा मागच्या हंगामाचे टनामागं शंभर-पन्नास सुटले. त्याच्या आधी नुसत्या बैठका आणि बिस्किटं.

आणि टोल विसरलासा व्हय? पानसरे अण्णा, एन. डी. सर पुढं, मागं सगळं कोल्हापूर. किती वेळा गाव बंद ठेवलं आपण! २०१५ च्या डिसेंबरात टोल गेला तेव्हा गुलाल उधळायला हेच गंगावेसवाले पुढं होते.

गंगावेस_कट्टा
होतोच. अजून शर्टाचा डाग गेला नाही.

हायवेला_अडकलेला
ऊसवाले, त्या दिवशी मी गाडीत होतो. शेजारी सासरे, त्यांची डायलिसिसची वेळ चुकत चाललेली. पोरांना सांगितल्यावर त्यांनीच ट्रॅक्टर बाजूला घेऊन वाट करून दिली, हे मान्य. पण विमानाच्या संपात अशी वाट कोण देतं? ज्याच्या घरी मयत आहे, त्याच्यासाठी एखादं विमान सोडतात का? पुलावर निदान तोंडाकडं बघून बोलायला माणूस असतो. तिथं नुसता मोबाइलवर मेसेज. माझा विरोध तारखेला नाही, या आंधळेपणाला आहे.

माजी_कंडक्टर_सीबीएस
तीस वर्षं एस.टी.त काढली. सणातल्या संपाच्या शिव्या माझ्याएवढ्या इथं कुणी खाल्ल्या नसतील. २०१७ च्या दिवाळीत चार दिवस गाड्या बंद, कोर्टानं संप बेकायदा ठरवला, हात हलवत परत. २०२१ ला पुन्हा दिवाळीच्या तोंडावर सुरू झाला तो लांबत लांबत एप्रिल २०२२ पर्यंत गेला. पहिल्या आठवड्यात गावाकडची माणसं डेपोवर भाकरी आणून द्यायची. तिसऱ्या महिन्यात तीच माणसं वडापच्या टपावर बसून आमच्याकडं न बघता जायची. एस.टी.चं सरकारात विलीनीकरण मागितलेलं, ते काही झालं नाही. सप्टेंबर २०२४ ला गणपतीच्या तोंडावर फक्त दोन दिवस बंद ठेवला, मूळ पगारात साडेसहा हजारांची वाढ.

म्हणून ऊसवाल्यांचं मला पटतं, पण अर्धंच. सणाची तारीख धरा, पण दोन दिवस धरा. ब्रिटिशांच्या त्या पोरांनी बारा दिवस मागितले तिथंच माणसं हातची गेली असणार.

उजळाईवाडी_विमानतळ_रोड
सगळे संपावर घसरलेत म्हणून आठवण देतो. डिसेंबर २०२५ ला इंडिगोची हजारो उड्डाणं रद्द झाली, ५ तारखेला तर एका दिवसात हजाराच्या वर. संप कुणी केला होता? कुणीच नाही. वैमानिकांच्या विश्रांतीचे नियम १ नोव्हेंबरपासून पूर्ण लागू होणार हे माहीत असून माणसं कमी. सरकारला तिकिटांवर कमाल मर्यादा घालावी लागली. क्रूनं बंद पाडलं की ती अडवणूक, आणि कंपनीनं बंद पाडलं की "तांत्रिक कारण".

कोर्टकचेरी
आता मूळ प्रश्न, ज्याच्याबद्दल कुणी बोललंच नाही. नुकसान कुणी सोसायचं? युरोपात २०२१ ला तिथल्या न्यायालयानं सांगितलं की कंपनीच्या स्वतःच्या कर्मचाऱ्यांनी रीतसर पुकारलेला संप म्हणजे काही आकाशातून पडलेलं संकट नव्हे, प्रवाशाला भरपाई द्या. लांबच्या प्रवासाला ६०० युरो. आपल्या डीजीसीएच्या (विमान वाहतुकीवर नजर ठेवणारं सरकारी खातं) नियमात मात्र संप हा कंपनीच्या हाताबाहेरच्या कारणांत मोडतो, म्हणजे भरपाईतून सुटका. तिकडं संपाची नोटीस आली की कंपनीला घाई होते, कारण खिशाला भोक पडतं. इकडं प्रवासी आणि क्रू यांना एकमेकांच्या अंगावर सोडलं की झालं. वर आता नवी औद्योगिक संबंध संहिता लागू झालीय, १४ दिवसांची नोटीस, आणि निम्म्या लोकांनी मिळून रजा टाकली तरी तो संपच.

राजारामपुरी_चौथी_गल्ली
हे मला नवीन आहे. आत्ता पुतण्याला फोन लावला. म्हणतो, नोटीस आठ दिवस आधीच आली होती, तिकडच्या पेपरात छापून आलेलं. त्यानंतरही कंपनी त्या तारखांची तिकिटं विकत होती. त्याला दोन रात्रींचं हॉटेल दिलं आणि एक कूपन, भरपाईचं अक्षर काढलं नाही. म्हणजे राग चुकीच्या माणसांवर काढत होतो, निदान निम्मा तरी. उरलेला निम्मा राहणार. वडील त्यानंतर सहा महिन्यांत गेले, आणि तो नातू त्या दिवशी समोर नव्हता. बावड्याच्या ताई, तुमच्या मुलीनं केलं असतं तरी मला तेवढा राग आलाच असता, खोटं कशाला बोलू.

बावड्याची_आई
येऊ दे की. मलाही त्या चंद्राच्या फोटोवरून अजून येतो, आणि कुणावर काढायचा ते कळत नाही. पुतण्याला भरपाईचा अर्ज करायला सांगा. दोन वर्षं झालीत, मुदत संपायच्या आत.

राजारामपुरी_चौथी_गल्ली
आजच बसवतो त्याला.

गंगावेस_कट्टा
आणि त्या डिंकाच्या लाडवांचं काय झालं?

राजारामपुरी_चौथी_गल्ली
आईनं महिनाभर डब्याला हात लावू दिला नाही. मग एक दिवस तिनंच चिठ्ठी काढली.