मदत हवी आहे : मायचं विसरणं आणि ‘टाऊ’ची रक्ततपासणी

नमस्कार मंडळी. आम्ही परभणी जिल्ह्यातले, सेलूजवळच्या खेड्यात राहतो. मायचं वय ६९. दोन वर्षांपासून तिचं विसरणं वाढत होतं, ते आम्ही वयावर ढकललं. दिवाळीनंतर एकदा भाकरी थापता थापता तिचे हात परातीतच थांबले. तवा तापून धूर निघाला तरी ती पिठाकडं बघत बसली. मग मला म्हणाली, “बाबा, आता पुढं काय करायचं असतंय?” पन्नास वर्षं रोज ज्वारीच्या भाकरी केलेली बाई!

छत्रपती संभाजीनगरला मेंदूच्या डॉक्टरांना दाखवलं. बी-१२ आणि थायरॉईड नॉर्मल आले. एमआरआयमध्ये हिप्पोकॅम्पस, म्हणजे आठवणी सांभाळणारा मेंदूचा भाग, आकसलेला दिसला. अल्झायमर असावा म्हणून डोनेपेझिल ही गोळी सुरू केली. बोलता बोलता ‘टाऊ’चं नाव निघालं, पण बाहेर गर्दी फार, विचारायचं राहून गेलं.

तेव्हापासून रोज रात्री वाचतोय. मला समजलं ते असं : मेंदूच्या पेशींत माल ने-आण करणाऱ्या बारीक नळ्या असतात आणि टाऊ हे प्रथिन त्यांना धरून ठेवतं. त्याला फॉस्फेट जास्त चिकटलं की ते नळ्यांवरून सुटतं आणि पेशीच्या आत त्याचा गुंता होतो, अगदी फणीतल्या गुंतवळासारखा. अमायलॉइड या दुसऱ्या प्रथिनाचे थर मात्र पेशींच्या बाहेर साचतात. डॉ. अल्झायमर यांनी १९०६ मध्येच हे दोन्ही मांडलं होतं. स्मरणशक्ती किती ढासळली, याचा संबंध अमायलॉइडपेक्षा टाऊच्या गुंत्याशी जास्त जुळतो, असंही वाचलं. मग लेकानेमॅबसारखी नवी औषधं अमायलॉइडवरच का? मायची गोळी तर या दोन्हींना हात लावत नाही, फक्त मेंदूतलं निरोप पोचवणारं रसायन अ‍ॅसिटिलकोलिन टिकवते. हे बरोबर आहे ना? चुकलं असेल तर सांगा.

आता खरी अडचण. फॉस्फेट चिकटलेलं टाऊ मोजणारी पी-टाऊ २१७ नावाची रक्ततपासणी आहे म्हणतात. कुणी घरच्यांची केली आहे का? लातूर, नांदेड किंवा संभाजीनगरला नमुना घेतात का, की पुण्या-मुंबईलाच जावं लागतं? खर्च किती आला? मायला प्रवास सोसत नाही, एसटीत बसली की कावरीबावरी होते, म्हणून आधी विचारतोय. आणि निकाल आल्यावर तिच्या उपचारात खरंच काही बदलतं का? बदलणार नसेल तर तिला सुई टोचायलाही माझं मन होत नाही.

घरगुती काढे कृपया सुचवू नका, आमचे दोन महिने त्यातच गेले.

येत्या शनिवारी पुन्हा दाखवायला जायचंय. पाच मिनिटं मिळतील. त्यात डॉक्टरांना आधी काय विचारू?