मदत हवी आहे: जुन्या व्हिडिओ कॅसेट डिजिटल करायच्यात, पुण्यात खात्रीचं कोण?

नमस्कार मंडळी,

कोथरूडची आमची बिल्डिंग रिडेव्हलपमेंटला जातेय, त्यामुळे माळा रिकामा करताना पत्र्याच्या ट्रंकेत २१ कॅसेट निघाल्या. ११ व्हीएचएस, ६ छोट्या ८ एमएमच्या (बाबांच्या हँडीकॅमच्या) आणि ४ मिनीडीव्ही. हँडीकॅम केव्हाच मेलाय, व्हीसीआर भंगारात गेला आणि नवा मिळायचा प्रश्नच नाही, शेवटपर्यंत बनवणाऱ्या जपानच्या फुनाई कंपनीनेही २०१६ मध्ये बंद केलं.

आधी एकदा पोळलोय म्हणून इतकं विचारतोय. दहाएक वर्षांपूर्वी ताईच्या लग्नाची कॅसेट एका दुकानात दिली (नाव नाही घेत), त्याने डीव्हीडी करून दिली. बघतो तर ४:३ चं चित्र ताणून १६:९ केलेलं, भाऊजी बुटके आणि आडवे दिसतायत, आणि तीन तासांचं एका डीव्हीडीत बसेना म्हणून पाठवणी सरळ कापलेली. विचारलं तर म्हणे "शेवटी रडारडच असते ना साहेब". ती डीव्हीडीही आता अडकते.

पण लग्नाच्या कॅसेटचं मला तेवढं नाही, शूटिंगवाल्याने सगळ्यावर सिनेमाची गाणी चढवलीयेत, माणसाचा आवाज कुठेच नाही. जीव अडकलाय तो ८ एमएमच्या एका कॅसेटमध्ये. १९९७ चे गणपती, आजी खाली बसून मोदकाच्या पाऱ्या वळतेय आणि बाबांवर ओरडतेय, "तो डबा ठेव आधी आणि नारळ खवून दे". डबा म्हणजे कॅमेरा. आजीचा आवाज बाकी कशातच नाहीये. आणि नेमक्या त्याच कॅसेटच्या खिडकीतून रिळाच्या कडेला पांढरट पावडर दिसतेय. बुरशीच असणार, इतके पावसाळे माळ्यावर काढलेत. अशी कॅसेट "चालतेय का बघू" म्हणून लावायची नाही एवढं कळलंय, बुरशी प्लेअरच्या हेडला (टेप वाचणाऱ्या भागाला) लागते, तिथून पुढच्या कॅसेटला जाते आणि टेप चिकटलेली असली तर तुटते. सध्या सिलिका जेलच्या पुड्या टाकून हवाबंद डब्यात ठेवलीये.

घरी करून बघितलंय. भाच्याने यूएसबीचं कॅप्चर डोंगल आणलं, रविवारी जुन्या बाजारातून व्हीसीआर आणला, "चालू आहे, घेऊन जा बिनधास्त". पहिलीच कॅसेट लावली तर टेप आत गुंडाळली. नशीब, तिच्यात टीव्हीवरून रेकॉर्ड केलेली क्रिकेट मॅच होती. दुसरी चालली, पण अर्ध्या तासाने ओठ पुढे आणि आवाज मागे.

मग फोनाफोनी केली. एकजण म्हणाला ४के मध्ये करून देतो. अहो, आपल्याकडच्या पाल (PAL) टीव्ही पद्धतीची व्हीएचएस कॅप्चर होते ७२०×५७६ पिक्सेलला, तिचं ४के म्हणजे दुधात पाणी. दुसरा मिनीडीव्हीसुद्धा पिवळ्या-लाल-पांढऱ्या वायरने घेणार होता. ती टेप मुळात डिजिटलच असते, फायरवायरने (कॅमेऱ्यातून कॉम्प्युटरवर थेट डिजिटल डेटा नेणारी वायर) घेतली की जशीच्या तशी उतरते, तासाला साधारण १३ जीबी. तिसरा सगळं मुंबईला पाठवतो म्हणाला, कुरिअरने! फोन ठेवला.

तर जाणकारांनो, पुण्यात स्वतःच्या डोळ्यासमोर काम करणारा, बुरशीची कॅसेट उघडून साफ करता येणारा कोणी माहितीये का? ८ एमएमसाठी चालू कॅमेरा आणि मिनीडीव्हीसाठी फायरवायर असलेला हवा. काहींच्या डिजिटल८ कॅमेऱ्यात जुन्या ८ एमएमच्या टेपही चालतात, तसा कुणाच्या घरी पडून असेल तर भाड्याने द्याल का? फाईल मला पेनड्राईव्हवर न कापता हवी, गाणी-बिणी, टायटल काही नको. आणि व्हीएचएसला टाईम बेस करेक्टर (थरथरणारं चित्र स्थिर करणारं यंत्र) खरंच लागतो का, की उगाच बिल वाढवायला सांगतात? स्वतः करून घेतलेल्यांनीच सांगा, नुसत्या रेटिंगवर माझा विश्वास राहिला नाही.

अजून एक. मोदकाची कॅसेट आई कुणाच्याही हातात द्यायला तयार नाही, म्हणते मी दुकानात शेजारी बसून राहीन. वय ७४, गुडघे दुखतात. तळमजल्यावरचं आणि एक खुर्ची देणारं दुकान असेल तर ते आधी सांगा.