पाळीची गोळी, कळ आणि पेटके : कुठला शब्द कशासाठी?

देवगड : आशाताईंसाठी एका पानाची माहिती मराठीत लिहायची आहे. पाळीत पोट दुखतं त्याला मसुद्यात ‘मासिक पेटके’ असं छापलंय. आमच्याकडे पेटके पोटरीला येतात. ओटीपोटासाठी काय लिहावं? आणि हे दुखणं कमी करणाऱ्या गर्भनिरोधक गोळ्यांना सरळ ‘पाळीची गोळी’ म्हटलं तर चालेल का?

गुहागर : ‘पेटके’ खोडा, ‘कळ’ लिहा. कळ येते, जोर धरते, ओसरते आणि परत येते. गर्भाशयाचा स्नायूही तसाच थांबून थांबून आवळतो, म्हणून शब्द चपखल आहे. फक्त ‘कळा सुरू झाल्या’ असं लिहू नका, लोक बाळंतपण समजतील. ‘मुरडा’ही नको, तो जुलाबाचा. कंबर आणि मांड्या ‘भरून येतात’. ‘कष्टार्तव’ हा आयुर्वेदाच्या पुस्तकातला शब्द डॉक्टरांच्या कागदावर शोभेल, आशाताईंच्या पानावर नको.

रत्नागिरी (फार्मासिस्ट) : ‘पाळीची गोळी’ मात्र अजिबात नको. काउंटरवर याच नावाने तीन वेगळी औषधं मागतात. कोणी दुखणं थांबवायला मागतं, म्हणजे मेफेनॅमिक ॲसिड. कोणी गर्भ राहू नये म्हणून मागतं, म्हणजे माला-डीसारखं पाकीट. आणि गौरी-गणपतीच्या आधी येतात त्यांना पाळी पुढे ढकलायची असते, म्हणजे नॉरएथिस्टेरॉन. हे ५ मिलिग्रॅम दिवसातून तीनदा, पाळीच्या अपेक्षित तारखेच्या तीन दिवस आधीपासून घेतात आणि बंद केल्यावर साधारण दोन-तीन दिवसांत पाळी येते. या गोळीने गर्भ राहणार नाही असं धरून चालू नये. शिवाय शरीरात तिच्यातल्या थोड्या भागाचं इस्ट्रोजेन होतं, म्हणून पायात किंवा फुप्फुसात रक्ताची गाठ होऊन गेलेल्या बाईने ती परस्पर घ्यायची नाही. माझ्या मते तीन औषधांना तीन नावं हवीत : ‘कळेची गोळी’, ‘पाळी लांबवायची गोळी’ आणि ‘गर्भनिरोधक गोळ्यांचं पाकीट’. ‘पाकीट’ हा शब्द मुद्दाम घ्या, म्हणजे ती रोज घ्यायची असते हे आपोआप कळतं.

देवगड : पटलं, दादा. पण पाकिटाने कळ कमी होते ती कशामुळे? हे एका वाक्यात बसवायचंय.

कुडाळ (परिचारिका) : पाळीच्या आधी प्रोजेस्टेरॉन उतरतं आणि गर्भाशयाच्या अस्तरातून प्रोस्टाग्लँडिन नावाचं द्रव्य सुटतं. त्याने स्नायू आवळतो, रक्तपुरवठा घटतो आणि कळ येते. काहींना मळमळ आणि जुलाब होतात तेही त्याच द्रव्यामुळे. पाकिटातल्या हार्मोनने बीज बाहेर पडायचं थांबतं, अस्तर पातळ राहतं, मग प्रोस्टाग्लँडिनही कमी तयार होतं. लिहा : ‘अस्तर पातळ राहतं, म्हणून कळ आणि रक्तस्राव दोन्ही कमी होतात.’ कळेची गोळी ते द्रव्य तयार होणंच अडवते, म्हणून कळ सुरू होताच, पोटात काही खाऊन घ्यावी. दुखणं टिपेला गेल्यावर घेतली तर उशिरा लागू पडते. दमा किंवा पोटात अल्सर असेल तर आधी विचारावं. गोळीनंतर अंगावर पुरळ आणि ताप आला तर ती बंद करून दवाखाना गाठावा.

माला-डी आणि उपकेंद्रात फुकट मिळणारी माला-एन या दोन्हींत २१ गोळ्या हार्मोनच्या (लेव्होनॉरजेस्ट्रेल ०.१५ आणि एथिनिल इस्ट्राडायॉल ०.०३ मिलिग्रॅम) आणि ७ लोहाच्या. फरक पडायला दोन-तीन पाकिटं लागतात. पहिल्याच महिन्यात ‘गुण नाही’ म्हणून अर्ध्यावर सोडतात, आणि मध्येच सोडलं की अवेळी रक्तस्राव होतो. एखादी गोळी चुकली तर आठवताच घ्यावी. अर्धशिशीत डोळ्यांपुढे लकाकणाऱ्या रेघा दिसत असतील, रक्तदाब जास्त असेल, किंवा बाळ सहा महिन्यांच्या आतलं असून अंगावर पीत असेल, तर हे पाकीट नको.

देवगड : छाया, अंतरा आणि तांबी या बाकीच्या गर्भनिरोधकांनाही मसुद्यात एकाच ओळीत ‘हार्मोनची साधनं’ म्हटलंय.

कुडाळ : चूक आहे. छाया ही गोळी (सेंटक्रोमन) हार्मोनची नाही. पहिले तीन महिने आठवड्यातून दोनदा, मग एकदा. कळ कमी व्हावी म्हणून ती देत नाहीत. अंतरा हे दर तीन महिन्यांनी घ्यायचं हार्मोनचं इंजेक्शन. त्याने सुरुवातीला रक्तस्राव अनियमित होतो, पुढे पाळी थांबूही शकते आणि कळ कमी होते. गर्भाशयात बसवायच्या साध्या तांबीत हार्मोन नसतं, पहिल्या काही महिन्यांत कळ उलट वाढू शकते. हार्मोनची तांबी वेगळी येते, तिने रक्तस्राव बराच घटतो. तिथे ‘तांबी’ म्हणणंही चुकीचं, तिच्यात तांबं नसतं.

गुहागर : मसुद्यातलं शेवटचं वाक्य ‘गोळ्या घेतल्यावर पाळी येते पण दुखत नाही’ असं आहे. त्यातली ‘पाळी’ बरोबर आहे का?

कुडाळ : लोहाच्या गोळ्यांच्या आठवड्यात येतं ते हार्मोन थांबल्याने येणारं रक्त, बीज बाहेर पडून आलेली पाळी नव्हे. बायका त्याला पाळीच म्हणतात, शब्द राहू द्या. ‘दुखत नाही’ मात्र बदला, कारण त्या आठवड्यात थोडी कळ येतेच. असं लिहा : ‘लोहाच्या गोळ्या सुरू असताना पाळी येते, कळ बहुतेकींना आधीपेक्षा कमी असते. तीन पाकिटांनंतरही कमी नसेल, किंवा संबंधाच्या वेळी, शौचाला बसताना दुखत असेल, तर स्त्रीरोगतज्ज्ञांकडून तपासून घ्या.’