विषय: अपडेटनंतर डॉक्युमेंट्समध्ये उगवणारे फोल्डर

पाठवणार: दिवाळी अंक, संपादक

मंडळी, नमस्कार.

अंकाचं काम आता कुठे रंगात आलंय आणि मध्येच हे नवं झेंगट. आपण ज्या सॉफ्टवेअरमध्ये अंकाची मांडणी करतो, त्याचं अपडेट गेल्या आठवड्यात आपलं आपणच झालं. तेव्हापासून मंडळाच्या लॅपटॉपवर डॉक्युमेंट्समध्ये तीन फोल्डर येऊन बसलेत. एकाला त्या सॉफ्टवेअरचंच नाव, दुसरा 'टेम्प्लेट्स' आणि तिसऱ्याच्या नावात नुसते आकडे आणि टिंबं. डिलीट केले की निमूट जातात. दुसऱ्या दिवशी लॅपटॉप उघडला की पुन्हा हजर.

तीन फोल्डरांनी काय एवढं बिघडतं, असं कुणी म्हणेल. लेख, जाहिराती, मुद्रितशोधनाच्या प्रती सगळं आपण डॉक्युमेंट्समध्येच ठेवतो आणि आपला स्वतःचा 'टेम्प्लेट्स' फोल्डर अंकाच्या फोल्डरात आधीपासून आहे. आता त्याच नावाचे दोन झालेत. अर्ध्या पानाच्या जाहिरातीचा साचा कुणीतरी नव्यात सेव्ह केला आणि अख्खी संध्याकाळ तो शोधण्यात गेली.

हे कायमचं घालवायचा उपाय कुणाला ठाऊक आहे का? पितृपक्ष संपायच्या आत मुखपृष्ठ छपाईला द्यायचंय.

पाठवणार: खजिनदार

ताई, हेच तीन फोल्डर माझ्याही लॅपटॉपवर आहेत, आणि माझ्याकडे ते सॉफ्टवेअर नाहीच! माझ्याकडे फक्त पावत्या आणि हिशेब. हा व्हायरस असेल तर मंडळाच्या बँक खात्याचं काय? मी तूर्त घरचं इंटरनेट बंद केलंय. हा मेल फोनवरून लिहितोय, शुद्धलेखन सांभाळून घ्या.

पाठवणार: वेबसाइट

काका, इंटरनेट चालू करा. व्हायरस नाही.

मंडळाचं वनड्राइव्हचं, म्हणजे मायक्रोसॉफ्टच्या इंटरनेटवरच्या फाइल-साठवणीचं, खातं एकच आहे आणि ते तुमच्याही लॅपटॉपवर आहे, ताईंच्याही. त्यात 'डॉक्युमेंट्सचा बॅकअप' चालू असला की डॉक्युमेंट्स हा फोल्डरच वनड्राइव्हच्या आत जातो. मग ताईंच्या लॅपटॉपवर तिथे काही उगवलं की ते तुमच्याकडेही दिसणार. म्हणजे फोल्डर तयार होतात एकाच ठिकाणी, दिसतात सगळ्यांना.

याची दुसरी बाजू जास्त महत्त्वाची, म्हणून सगळ्यांसाठी लिहितोय. तुम्ही तुमच्याकडे एखादा फोल्डर डिलीट केलात तर तो ताईंच्याकडूनही जातो. वनड्राइव्हच्या वेबसाइटवरच्या रिसायकल बिनमध्ये वैयक्तिक खात्यातल्या फाइली ३० दिवस राहतात, तेवढाच आधार. तेव्हा उपाय सापडेपर्यंत कुणीही काहीही साफ करू नका, प्लीज.

ताई, तीन गोष्टी बघून सांगाल का? फोल्डर रिकामे आहेत की आत काही आहे? राइट क्लिक करून प्रॉपर्टीजमध्ये 'क्रिएटेड' समोर कोणती वेळ दिसते? आणि ते लॅपटॉप चालू केल्याकेल्या येतात, की सॉफ्टवेअर उघडल्यावर?

पाठवणार: दिवाळी अंक, संपादक

> रिकामे आहेत की आत काही आहे?

सॉफ्टवेअरच्या नावाचा आणि 'टेम्प्लेट्स', दोन्ही रिकामे. आकड्यांच्या फोल्डरात एक छोटीशी लॉग फाइल.

> कोणती वेळ दिसते?

ही गंमत बघा. पहिल्या दोघांची वेळ मी सॉफ्टवेअर उघडलं तेव्हाची. आकडेवाल्याची त्याच्या बरीच आधीची, म्हणजे मी लॅपटॉप चालू करून चहा ठेवायला गेले तेव्हाची. तेव्हा सॉफ्टवेअर उघडलेलंच नव्हतं.

आणि एक. साफसफाई करायला बसलेच आहे तर विचारून घेते. अंकाच्या फोल्डरातही 'डॉक्युमेंट फॉन्ट्स' आणि 'लिंक्स' असे दोन फोल्डर आहेत. तेही मी केलेले नाहीत. तेही उडवू का?

पाठवणार: पुण्याची मावशी

अगं थांब! 'डॉक्युमेंट फॉन्ट्स'ला हात लावू नकोस.

नव्या मंडळींसाठी सांगते. मी तिथे होते तोवर मंडळाच्या अंकाची मांडणी करायचे, आता पुण्यात परत आलेय आणि डीटीपीचीच कामं घेते. या यादीवर अजून आहे ती सवयीने.

ते दोन फोल्डर अपडेटने आलेले नाहीत. काम छपाईला देताना पॅकेज करतात ना, तेव्हा सॉफ्टवेअर वापरलेले सगळे फॉन्ट एका फोल्डरात आणि सगळी चित्रं दुसऱ्या फोल्डरात गोळा करून फाइलीशेजारी ठेवतं. गेल्या वर्षीच्या पॅकेजवरूनच तू या वर्षीचा अंक सुरू केला असशील, म्हणून ते आले. फाइल उघडताना सॉफ्टवेअर शेजारच्या त्या फोल्डरातले फॉन्ट आपोआप उचलतं, लॅपटॉपवर इन्स्टॉल नसले तरी. तुझं काम आत्ता बिनबोभाट चाललंय ते त्याच्याच जिवावर.

आता हे मंडळाच्या बाबतीत जास्त धोक्याचं का ते ऐक. नवे लेख युनिकोडमध्ये, म्हणजे प्रत्येक अक्षराला जगभर एकच ठरावीक क्रमांक देणाऱ्या पद्धतीत, येतात. त्यांचा फॉन्ट हरवला तर फार तर दुसऱ्या फॉन्टमध्ये दिसतील किंवा चौकोन येतील, पण 'क' हा 'क'च राहतो, कारण युनिकोडने देवनागरीला १२८ जागांचा स्वतःचा गट दिलेला आहे. पण आपली कायमची पानं, म्हणजे शुभेच्छांचं पान, माजी अध्यक्षांची यादी, मंडळाची घटना, ही सगळी मी त्या काळी जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेली आहेत आणि दरवर्षी तशीच पुढे ढकलली जातात. त्या फॉन्टांमध्ये मराठी अक्षरं इंग्रजी अक्षरांच्या आणि चिन्हांच्या जागांवर बसवलेली असायची. फॉन्ट गेला की खालची खरी अक्षरं उघडी पडतात आणि माजी अध्यक्षांच्या जागी इंग्रजी अक्षरं, डोक्यावर टोप्या घातलेले स्वर आणि डॉलरची खूण असलं काहीतरी दिसतं. एका गृहस्थांच्या स्मरणिकेत ते तसंच छापून आलेलं मी पाहिलंय. तोंडावर हसता येत नव्हतं.

तेव्हा तो फोल्डर आधी पेनड्राइव्हवर कॉपी कर. आणि सवड झाली की ती पानं युनिकोडमध्ये आणा. कन्व्हर्टर आहेत, पण रफार आणि जोडाक्षरं एकदा डोळ्याखालून घालावीच लागतात.

पाठवणार: युवा समिती

एक सोपा उपाय. नको तो फोल्डर डिलीट करायचा आणि त्याच नावाची एक रिकामी फाइल तिथे ठेवायची, एक्स्टेन्शन न लावता. विंडोजमध्ये एका जागी एकाच नावाची फाइल आणि फोल्डर राहू शकत नाहीत. झालं, फोल्डर बनणारच नाही.

नाहीतर सॉफ्टवेअरच्या प्रेफरन्सेस, म्हणजे सेटिंग्ज, रीसेट करा. नेटवर सगळे तेच सांगतात.

आणि खरं तर मांडणीच्या स्क्रायबस या सॉफ्टवेअरवर जाऊया ना? फुकट आहे.

पाठवणार: वेबसाइट

> त्याच नावाची एक रिकामी फाइल

चालतं, पण मला आवडत नाही. फोल्डर करता आला नाही तर सॉफ्टवेअर गप्प बसेल, की दर वेळी उघडताना तक्रार करेल, की बंदच पडेल, हे आधी कळत नाही. अंक छपाईला गेल्यावर कर काय करायचे ते प्रयोग.

> प्रेफरन्सेस रीसेट करा

मुळीच नको. रीसेट केलं की शॉर्टकट, शब्दसूची, डीफॉल्ट सगळं पहिल्यासारखं होतं. त्यात मजकूर जुळवणारा कंपोजर परत इंग्रजीवाला होऊ शकतो. मग नव्या चौकटीत मराठी टाकलं की पहिली वेलांटी अक्षराच्या उजवीकडे जाऊन बसते आणि जोडाक्षरं सुटी होतात. फोल्डर घालवायला जाऊन हे कोण ओढवून घेणार?

स्क्रायबसबद्दल: मत वाईट नाही. १.५.३ पासून त्यात देवनागरी नीट जुळते आणि १.६ ही स्थिर आवृत्ती २०२४च्या सुरुवातीला आली. पण निम्मी पानं लागलेला अंक आता तिकडे नेणं नाही. जानेवारीत बोलू.

आता मूळ दुखणं. ताईंनी दिलेल्या वेळांवरूनच कळतं की हे फोल्डर करणारे दोघे वेगळे आहेत. दोन फोल्डर सॉफ्टवेअर स्वतः करतंय, तिसरा दुसराच कुणीतरी करतोय. काल रात्री मी ताईंच्या लॅपटॉपवर रिमोटने बसलो. मायक्रोसॉफ्टच्या सिसइंटर्नल्स संचात 'प्रोसेस मॉनिटर' नावाचं फुकट साधन आहे. कोणता प्रोग्राम कोणत्या फाइलीला कधी हात लावतो ते सगळं त्यात दिसतं. लॅपटॉप सुरू होतानाचं पकडायचं म्हणून त्यातलं 'बूट लॉगिंग' चालू केलं, फोल्डर डिलीट केला आणि रीस्टार्ट केलं. लाखो ओळी येतात, घाबरायचं नाही. पाथमध्ये त्या फोल्डरचं नाव असलेल्या ओळी तेवढ्या गाळून घ्यायच्या. ऑपरेशनच्या रकान्यात फोल्डरसाठीही 'क्रिएटफाइल'च लिहिलेलं असतं आणि नुसता फोल्डर उघडून बघितला तरी तीच नोंद होते. म्हणून डीटेलच्या रकान्यात 'ओपनरिझल्ट: क्रिएटेड' कुठे आहे ते बघायचं. त्या ओळीवरचं प्रोसेसचं नाव, तोच कर्ता.

कर्ता निघाला अपडेटबरोबर आलेला एक मदतनीस प्रोग्राम. लॉगइन झालं की मागच्या मागे सुरू होतो, नवीन आवृत्ती आली का ते बघतो आणि आपली लॉग फाइल ठेवायला फोल्डर करतो. टास्क मॅनेजरमध्ये 'स्टार्टअप ॲप्स'मध्ये जाऊन त्याला डिसेबल केलं. आज सकाळी फोल्डर आला नाही.

'टेम्प्लेट्स'चा मार्ग प्रेफरन्सेसमध्ये बदलता येत होता. तो डॉक्युमेंट्सच्या बाहेर, सी ड्राइव्हवर वेगळ्या फोल्डरात वळवला. जुना डिलीट केला, परत आला नाही.

सॉफ्टवेअरच्या नावाचा जो आहे त्याच्यासाठी कुठेच सेटिंग सापडलं नाही. तो रिकामा आहे, कुणाच्या अध्यातमध्यात नाही. प्रॉपर्टीजमध्ये 'हिडन' केलाय. राहू दे बिचारा.

मदतनीस बंद केल्याचा एक परिणाम म्हणजे यापुढे अपडेट आपलं आपण येणार नाही. मला विचाराल तर हे उत्तमच झालं. अंक छपाईला जाईपर्यंत कुणी हातानेही अपडेट करू नका. जाहिरातींची पानं सिडनीहून लागतायत आणि तिथली आवृत्ती जुनी आहे. नव्या आवृत्तीत सेव्ह केलेली फाइल जुनीत सरळ उघडत नाही, आधी एक्सपोर्ट करावी लागते. शेवटच्या आठवड्यात तो घोळ नको.

पाठवणार: दिवाळी अंक, संपादक

आज दोनदा रीस्टार्ट करून पाहिलं. डॉक्युमेंट्समध्ये फक्त आपलंच सामान. फॉन्टचा फोल्डर पेनड्राइव्हवर घेतला. मावशी, माजी अध्यक्षांचं पान युनिकोडमध्ये आणायला घेतलंय, तीन नावांतला रफार पळालाय, सापडेल.

बाकी सगळ्यांनी जाहिरातींचे लोगो व्हॉट्सॲपवर पाठवणं थांबवा. छपाईत फुटतात. मेलला जोडा.

पाठवणार: खजिनदार

माझ्याकडे तो एक फोल्डर अजून दिसतोच आहे. आणि वेगळा प्रश्न: हळदीकुंकवाची, सहलीची सगळी जुनी पत्रकं मी मायक्रोसॉफ्टच्या पब्लिशर प्रोग्राममध्ये केलेली आहेत. ते बंद होणार असं ऐकतो. त्याचंही काही फोल्डर-बिल्डर होणार आहे का?

पाठवणार: वेबसाइट

काका, वनड्राइव्हच्या सेटिंग्जमध्ये 'चूज फोल्डर्स'मध्ये त्या फोल्डरसमोरची खूण काढा. तुमच्या लॅपटॉपवरून जाईल, ताईंच्याकडे राहील. मंडळाला चालेल.

पब्लिशरचं ऐकलंत ते खरं आहे. ऑक्टोबर २०२६ नंतर मायक्रोसॉफ्ट त्याला आधार देणार नाही, आणि मायक्रोसॉफ्ट ३६५ची वर्गणी भरणाऱ्यांना त्यात फाइली उघडताही येणार नाहीत. जी पत्रकं हवीत त्यांची आताच पीडीएफ करून ठेवा. पुढे बदल करायचे असतील तर लिब्रेऑफिसच्या ड्रॉमध्ये त्या फाइली उघडतात, पण मांडणी थोडी इकडेतिकडे होते.

पाठवणार: खजिनदार

खूण काढली, गेला. पावतीपुस्तकाचा नमुनाही पब्लिशरमध्येच आहे. आधी त्याची पीडीएफ करतो, मग हळदीकुंकू.