बाईकचं पुढचं स्प्रॉकेट (चेन ज्यावर फिरते ते दातेरी चाक) बदलताना
मागच्या स्प्रॉकेटचे दात बरे दिसतायत तर नुसती चेन आणि पुढचं बदललं तर चालेल का, असं विचारलंय. चालतं, पण दात एका बाजूला झुकून टोकदार व्हायला लागले असतील तर नवी चेनही लवकर खराब होते, म्हणून मी तरी पूर्ण सेटच टाकतो. आणि एक लक्षात ठेवा, पुढच्या स्प्रॉकेटचा नट जुनी चेन काढायच्या आधीच ढिला करा, गाडी गिअरमध्ये टाकून कोणालातरी मागचा ब्रेक दाबून धरायला लावायचं, कारण चेन निघाली की स्प्रॉकेट धरून ठेवायला काही उरत नाही आणि मग बसा झटापट करत. नटाखाली लॉक वॉशर (नट ढिला होऊ नये म्हणून कड दुमडलेली चकती) असेल तर त्याची दुमडलेली कड आधी छिन्नीने सरळ करा. काही गाड्यांना नट नसतोच, दोन बोल्ट आणि एक प्लेट, सुटलात!

चेन जोडणारी लिंक क्लिपवाली असेल तर क्लिपचं बंद तोंड चेन पळते त्या दिशेला. चेनचा ताण (मधोमध ती वर-खाली किती हलते ते) मॅन्युअलप्रमाणे, बऱ्याच गाड्यांना २०-३० मिमी असतो, पण चाक फिरवत सगळ्यात घट्ट लागेल तिथे मोजा. आणि हो, ओ-रिंगवाली (कड्यांमध्ये रबरी रिंगा असलेली) चेन पेट्रोलने धुऊ नका, रबराची वाट लागते.