मदत हवी आहे: कोल्हापुरात गप्पांचा कार्यक्रम करायचाय, लेट नाईट शो बघणाऱ्यांनी सांगा, पाहुण्याला खरंच बोलतं कसं करायचं?

नमस्कार मंडळी,

कोल्हापुरातून लिहितोय. आमचा एक ग्रुप आहे, राजारामपुरी, शिवाजी पेठ, मंगळवार पेठ असे सगळीकडचे, आणि वेड एकच, रात्री जेवणं झाली की यूट्यूबवर टॉक शो लावून बसायचं. अमेरिकेतले लेटरमन, कोनन, क्रेग फर्ग्युसन, ब्रिटनमधला ग्रॅहम नॉर्टन, झालंच तर शेखर सुमनचं मूव्हर्स अँड शेकर्स. कुठला पाहुणा भारी, कुठला होस्ट ऐकून घेतो, कोण नुसता सिनेमा विकायला आलाय, यावर आमची रात्री एक-एक वाजेपर्यंत भांडणं चालतात.

आता विषय असा झालाय की आमच्या तालीम मंडळानं यंदा गणपतीत एक संध्याकाळ आम्हाला दिलीय. म्हणाले तुम्ही एवढं बघताय तर करा की तसला कार्यक्रम. मांडव उघड्यावर, दहाला स्पीकर बंद म्हणजे बंद, त्यामुळं नाव लेट नाईट असलं तरी आठला चालू करून दहाच्या आत उरकायचंय. पाहुणे तीन ठरलेत. एक टीव्हीवरच्या विनोदी कार्यक्रमातला कलाकार, आपल्याच जिल्ह्यातला. एक स्टँडअप करणारी मुलगी, पुण्यात ओपन माईक, म्हणजे नवख्यांना मिळणारा मोकळा स्टेज, करत करत आता स्वतःचे शो लावते. आणि तिसरे आमच्या तालमीचे वस्ताद, ज्यांनी आयुष्यात कधी माईक हातात घेतलेला नाही पण कट्ट्यावर बसून बोलायला लागले की माणसं घरी जायचं विसरतात.

मला भीती कशाची वाटते ते सांगतो. आपल्याकडं असले कार्यक्रम मी लई बघितलेत. अर्धा तास सत्कार, फेटा, शाल, श्रीफळ, अंबाबाईचा फोटो, मग अध्यक्षांचं मनोगत, मग प्रायोजकांचं मनोगत, आणि शेवटी मुलाखत घेणारा कागद उघडून विचारतो, आपला प्रवास कसा सुरू झाला. पाहुणा बिचारा चॅनेलवर सांगितलेलेच किस्से परत सांगतो. पब्लिक टाळ्या वाजवतं, सेल्फी काढतं आणि घरी जातं. माणूस एवढ्या लांबून आला आणि आपल्याला त्याच्याबद्दल नवीन काहीच कळलं नाही, याचं मला खरंच वाईट वाटतं.

आणखी एक गोष्ट. गेल्या वेळी एका मंडळात बघितलं, तिघांत मिळून एकच कॉर्डलेस माईक. एकानं काहीतरी खवचट बोललं, दुसऱ्याच्या तोंडावर उत्तर आलेलं स्पष्ट दिसत होतं, पण माईक तिसऱ्याकडं, तो म्हणाला घ्या घ्या, हा म्हणाला नको तुम्ही बोला, आणि माईक हातात येईपर्यंत हशा विझून गेलेला. त्यात बसायला लग्नातले ते पांढरे-सोनेरी महाराजा सोफे, माणूस आत रुततो आणि दोन पाहुण्यांमध्ये सहा फूट अंतर. कोण कुणाशी बोलणार?

तर मदत ही हवी आहे की पाहुण्याला प्रश्न आधी द्यायचे का नाही, तिघांना एकदम बसवायचं का एकेक करून, कॉमेडी करणाऱ्या मुलीला आधी घ्यायचं का शेवटी, आणि होस्टिंग मी करणार आहे तर मी नक्की काय बघून तयारी करू? नुसत्या लिंका नकोत, त्यात काय बघायचं तेही सांगा.

—

प्रतिसाद, रंकाळाकाठ:

भावा, विषय लई भारी काढलास. आधी प्रश्नांचं सांगतो. बऱ्याच लोकांना वाटतं तिकडं अमेरिकेत सगळं तिथल्या तिथं सुचतं, तसं नसतंय. तिथं प्री-इंटरव्ह्यू नावाची भानगड असते, शोच्या टीममधला एक प्रोड्युसर पाहुण्याला आधी फोन करतो, बराच वेळ गप्पा मारतो, त्यातून दोन-तीन किस्से निवडतो आणि होस्टच्या हातात कार्डं देतो. म्हणून होस्ट विचारतो, ऐकलं की तुम्ही परवा मासेमारीला गेला होता, आणि पाहुणा सुटतो. म्हणजे पाहुण्याला प्रश्न द्यायचे नाहीत, पाहुण्याकडून किस्से घ्यायचे. तू स्वतः फोन करू नको, ग्रुपमधल्या दुसऱ्या कुणालातरी करायला लाव. तू आधी ऐकलंस की स्टेजवर तुझं हसू खोटं येणार, चेहऱ्यावर दिसतंय ते.

आणि वेळ. अमेरिकेतला जुना होस्ट जॉनी कार्सन, त्याचा टुनाईट शो १९८० पर्यंत दीड तासाचा होता, मग एक तासाचा केला. दीड तासात गप्पा भरकटायला जागा असायची, आणि भरकटलेल्या गप्पाच भारी असतात. तुमच्याकडं दोन तास आहेत, त्यातला अर्धा तास सत्काराला देऊ नको. सत्कार मांडवामागं उरकून घ्या, फोटो तिथंच काढा.

—

प्रतिसाद, रात्रपाळी:

मी शिरोलीला शिफ्टला असतो, घरी आल्यावर झोप लागेपर्यंत हेच बघतो त्यामुळं लिहितोच. तू क्रेग फर्ग्युसन बघ, २००५ ते २०१४ मधला लेट लेट शो. गडी मुलाखत चालू व्हायच्या आधी प्रश्नांची निळी कार्डं सगळ्यांसमोर फाडून टाकायचा. पाहुण्याला तिथंच कळायचं की आता पाठ केलेलं चालणार नाही, आणि होस्टलाही पळायला वाट नाही. त्याच माणसानं २००९ मध्ये दक्षिण आफ्रिकेत वर्णद्वेषाविरुद्ध लढलेले आर्चबिशप डेस्मंड टुटू यांना बोलावलं होतं, त्या कार्यक्रमाला पीबॉडी, म्हणजे तिकडचा टीव्ही-रेडिओचा मानाचा पुरस्कार मिळाला. चावटपणा करणारा होस्ट, पण समोरचा माणूस मोठा आहे कळल्यावर गप्प बसून ऐकतो. ते गप्प बसणं बघ. उत्तर संपल्यावर तो लगेच दुसरा प्रश्न टाकत नाही, जरा थांबतो, आणि त्या थांबण्यात पाहुणा स्वतःहून पुढचं सांगतो.

दुसरं कॉमेडियन नॉर्म मॅकडोनाल्डचं बघ, २००९ ला कोननच्या टुनाईट शोमध्ये त्यानं पतंगाचा, म्हणजे दिव्याभोवती फिरणाऱ्या किड्याचा जोक सांगितला होता. एक पतंग पायाच्या डॉक्टरकडं जातो आणि आयुष्याचं सगळं दुःख सांगत बसतो, सांगत बसतो, लोकांना कळत नाही हे कुठं चाललंय. शेवट एका ओळीचा. पण मला त्यात कोनन बघायला आवडतं. त्यानं त्याला मध्ये तोडलं नाही. वेळ चाललाय, जोक लांबतोय, तरी समोरच्यावर भरवसा ठेवला. कॉमेडियन पाहुणा आला की होस्टचं निम्मं काम हेच. नॉर्म २०२१ मध्ये गेला, त्या आठवड्यात मी सगळे जुने व्हिडिओ परत बघितले, फार चटका लागला.

—

धागाकर्ता:

रंकाळाकाठ, फोनची आयडिया एकदम पटली, आमच्यातली एक मैत्रीण फोनवर कुणालाही बोलतं करते, तिलाच देतो. रात्रपाळी, कार्डं फाडायचं धाडस माझ्यात येईल का माहीत नाही पण आधी बघतो. वस्तादांचं काय करू? त्यांना फोनवर विचारलं तर हो-नाही एवढंच बोलतात.

—

प्रतिसाद, खासबागचा:

वस्तादास्नी फोन करू नको, तालमीत जाऊन मातीवर बस. पोरं जोर मारत असत्यात तवा आपोआप बोलतंय माणूस. आन् स्टेजवर त्यांना कुस्तीतलंच विचार, पर आयुष्य-बियुष्य नको. कुठला डाव कसा बसला, हातानं करून दाखवा म्हण. हातवारे चालू झाले की माईकची भीती जातीय.

आता तुझ्या कामाचं एक सांगतो. २८ जुलै १९८२ चा लेटरमनचा शो बघ. अँडी कॉफमन म्हणून कॉमेडियन, मानेला पट्टा बांधून आलेला, आन् शेजारी जेरी लॉलर म्हणून पैलवान. त्या लॉलरनं मेम्फिसला आखाड्यात त्याची मान मोडली म्हणून हा तक्रार करायला बसलेला. बोलता बोलता लॉलर उठला आन् अशी थोबाडीत दिली की गडी खुर्चीवरनं खाली. मग कॉफमननं शिव्या, टेबलावर हात आपटणं, कॉफी फेकणं. सगळ्या अमेरिकेला वाटलं खरं. ती नुरा कुस्ती होती, दोघांनी ठरवून केलेली, कॉफमन १९८४ ला वारल्यावर कैक वर्षांनी लॉलरनं सांगितलं. मी खासबाग मैदानात लहानपणापासनं कुस्त्या बघतोय, नुरा हाय का निकाली ते खांद्यावरनं वळखतोय, तरी ते बघताना मला पयल्यांदा वळखू आलं नाही. सांगायचं कारण, कॉमेडियन आन् पैलवान शेजारी बसवलं की जी गंमत येती ती दोन कलाकार बसवून येत न्हाई. वस्ताद आन् ती मुलगी शेजारी बसव. मधी तू नको.

—

प्रतिसाद, पुण्यात पण कोल्हापूरची:

मी स्वतः कधीतरी ओपन माईक करते म्हणून त्या मुलीच्या बाजूनं लिहितेय. कृपा करून तिला खुर्चीत बसवून "एखादा जोक सांगा ना" म्हणू नका. आम्हाला उभं राहायला जागा, स्टँडवर माईक आणि चेहऱ्यावर एक नीट लाईट लागतो, आणि पाच-सात मिनिटं कुणी मध्ये न बोलता. आधी तिचा सेट, म्हणजे उभं राहून सलग करायचे विनोद, होऊ द्या, मग तिला सोफ्यावर बोलवा. कार्सनकडं असंच असायचं. कॉमेडियन बहुतेक शेवटी यायचा, सेट करायचा, आणि कार्सनला खूपच आवडलं तर तो हातानं खूण करून सोफ्यावर बोलवायचा. त्या एका खुणेवर लोकांची आयुष्यं बदलली. एलन डीजेनेरेसला १९८६ मध्ये पहिल्याच वेळी बोलावलं, ड्र्यू कॅरीला १९९१ मध्ये. तो क्षण बघ, सेट संपल्यावर त्यांचा चेहरा, आणि मग चालत सोफ्यापर्यंत जाणं. मला अजून अंगावर काटा येतो.

पण शेवटी ठेवू नका तिला. तिकडं शेवटच्या कॉमेडियनचा तोटा हा व्हायचा की आधीचे पाहुणे लांबले की त्याचा नंबरच कापला जायचा. तुमच्याकडं दहाला स्पीकर बंद, म्हणजे कापला जाणारा माणूस कोण असेल ते आत्ताच कळतंय. तिला पहिलीच घ्या, पब्लिक हसून मोकळं होईल, मग वस्तादांना सोपं जाईल.

आणि ग्रॅहम नॉर्टनसारखं सगळ्यांना एकदमच बसवा. तिथं सगळे पाहुणे एकाच सोफ्यावर असतात म्हणून एकाच्या गोष्टीवर दुसरा हसतो, तिसरा स्वतःची घालतो. मोठा स्टार पण तिथं माणसासारखा वागायला लागतो कारण शेजारी कॉमेडियन बसलेला असतो.

—

प्रतिसाद, गंगावेस:

सगळ्यांचं वाचलं, पटतं पण एक वेगळं मत मांडतो. आपलं पब्लिक स्टार बघायलाच येतं हे मान्य करा. चला हवा येऊ द्या मध्ये सिनेमाच्या टीम प्रमोशनलाच यायच्या, तरी आम्ही घरातले सगळे बसून बघायचो, कारण निलेश साबळे, भाऊ कदम, कुशल बद्रिके, श्रेया बुगडे हे पाहुण्यांसमोर स्किट करायचे आणि पाहुणा पोट धरून हसायचा. प्रमोशन होतं म्हणून गप्पा खोट्या असं काही नाही. त्या टीव्हीवाल्या कलाकाराला त्याचं जे काही नवीन येतंय ते सुरुवातीलाच सांगू दे, दोन मिनिटात. डोक्यावरचं ओझं उतरलं की मोकळा होतो.

दुसरं, पाहुण्याला अडचणीत आणायच्या नादात लागू नका. २००५ मध्ये ऐश्वर्या राय लेटरमनकडं गेली होती, त्यानं विचारलं तुम्ही अजून आईवडिलांकडं राहता का, भारतात असंच असतं का. तिनं शांतपणे सांगितलं की आमच्याकडं आईवडिलांबरोबर जेवायला अपॉइंटमेंट घ्यावी लागत नाही. अख्ख्या देशानं टाळ्या वाजवल्या. पण ते तिला जमलं, प्रत्येकाला जमत नाही. तोच लेटरमन २०१९ मध्ये नेटफ्लिक्ससाठी शाहरुखला भेटला, ईदला मन्नतबाहेरची गर्दी बघितली, तेव्हाचा लेटरमन बघा, दाढी वाढलेला, ऐकणारा. मला हा दुसरा जास्त आवडतो.

—

प्रतिसाद, रात्रपाळी:

गंगावेस, स्टारच्या मुद्द्यावर नाही पटलं. स्टारसाठी लोक येतात, पण थांबतात कॉमेडियनसाठी. नॉर्मचे, कोननचे व्हिडिओ इतक्या वर्षांनी लोक परत बघतात, त्या दिवशीचा सिनेमावाला पाहुणा कोण होता ते कुणाला आठवतंय? बाकी प्रमोशन आधी उरकायचं हे मात्र शंभर टक्के बरोबर.

—

धागाकर्ता:

सगळ्यांचे मनापासून आभार, एवढं कुणी लिहील असं वाटलं नव्हतं. काल ग्रुपमध्ये बसून ठरवलं ते सांगतो. सत्कार साडेसातला मांडवामागं. अध्यक्षांना आम्ही जाऊन समजावलं, ते म्हणाले मी दोन मिनिटं बोलणार, आम्ही म्हटलं शेवटी आरतीआधी बोला, तयार झाले. महाराजा सोफे रद्द, शेजारच्या काकूंच्या हॉलमधला साधा तिघांचा सोफा उचलून आणणार आणि मला एक खुर्ची. सेट आधी, मग ती मुलगी आणि वस्ताद शेजारी, टीव्हीवाला दादा कडेला म्हणजे तो दोघांकडं वळून बोलेल. त्याचं प्रमोशन पहिल्या दोन मिनिटात.

तालमीत पण जाऊन बसलो. वस्तादांनी पोरांना एकलंगी डाव शिकवता शिकवता खासबागच्या एका जुन्या कुस्तीची अशी गोष्ट सांगितली की मी इथं लिहीत नाही, स्टेजवरच ऐका.

आता अडलंय ते कॉलर माईकवर. साऊंडवाल्याकडं दोनच आहेत, आम्हाला चार लागतात, आणि तो म्हणतो उघड्या मांडवात कॉलर माईक शिट्टी मारतो, स्पीकर पुढं ढकलायला पाहिजेत. वस्तादांच्या नेहरू शर्टाला तो क्लिप कुठं लावायचा हाही प्रश्न आहे, ते हातवारे करताना ओढला जाणार. कोल्हापूर, इचलकरंजी, सांगली भागात कुणाकडं चार चांगले कॉलर माईक भाड्यानं मिळतात का, किंवा उघड्यावर असा कार्यक्रम कुणी केलाय का, त्यांनी जरूर लिहा.